एका तासाची बेरीज

माणसाला बुडायचंच असेल तर त्यानं निदान आधी जेवून घ्यावं. हा गृहस्थ मात्र जेवता जेवताच बुडायला निघाला होता.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. चार वाजून गेलेले. उधाणाची भरती चढत होती, तिला नैर्ऋत्येच्या वाऱ्याची साथ मिळाली होती आणि पोर्थगॅरो बंदरातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून पाणी उडत होतं. असा दिवस असला की लांबलांबच्या गावांतून माणसं लाटा बघायला येतात, धक्क्यावरच्या साखळीच्या अलीकडे उभी राहतात आणि प्रत्येक लाटेला ‘आहाहा’ करतात. हा एकटाच साखळीच्या पलीकडे, पार टोकाला, लोखंडी खुंटाला टेकून पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात उभा होता. एक घास पॅस्टीचा, एक नजर समुद्राकडे… जसं काही समुद्र त्याच्या करमणुकीसाठीच ठेवलाय.

“अहो साहेब! ओ!” धक्क्याची राखण करणारी सेनारा ओरडली. वाऱ्यानं तिचे शब्द तिच्याच तोंडात परत कोंबले.

मग काय करणार? ती साखळीखालून वाकून गेली, धावत त्याच्यापाशी पोचली, मागून त्याची कॉलर धरली आणि मांजराचं पिल्लू आणावं तसं त्याला ओढून अलीकडे आणलं. वळून पाहिलं तेव्हा तो उभा होता ती जागा पांढऱ्या पाण्याखाली गेली होती. पाणी ओसरल्यावर खुंट होता, पॅस्टी नव्हती.

“ही साखळी कशासाठी लावलीय असं वाटलं तुम्हाला? शोभेसाठी?”

“मला वाटलं… होड्या बांधायला असेल.”

“होड्या? साखळीला? कुठले हो तुम्ही?”

“डर्बीशायर.”

“तरीच!” सेनारा म्हणाली. डर्बीशायर म्हणजे देशाच्या मधोमध; तिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब.

तो नखशिखांत भिजला होता. केसांतून पाणी गळत होतं, आणि नजर अजून त्या खुंटाकडेच होती. “जीव वाचवलात, आभारी आहे. पण खरं सांगू? पॅस्टी फार चांगली होती हो. तिची ती मुरड किती सुबक होती…”

“मुरड मीच घातली होती. पहाटे.”

“म्हणजे तुम्हीच दिलीत आणि तुम्हीच बुडवलीत!”

सेनाराला हसू आलं. हसू आल्याचं तिचं तिलाच इतकं नवल वाटलं की तिनं ते लगेच आवरलं आणि बाकीच्या लोकांना मागे हटवायला निघून गेली.

सेनारा तेव्हा एकतीस वर्षांची होती, आणि दमलेली होती. त्या दिवसापुरती नव्हे, दोन वर्षांपासून. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना, जोरींना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं, आणि तीस वर्षं त्यांनी सांभाळलेला बंदराचा कारभार आपसूक तिच्या गळ्यात पडला. पहाटे चारला बेकरीत पॅस्ट्या वळायच्या. नऊ वाजता धक्क्यावरच्या काळ्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या. मग वडिलांची अंघोळ, जेवण, औषधं. आणि उधाणाला वारा सुटला की माणसं गोळा करून बंदराच्या तोंडाला तुळया घालायच्या. आतल्या बंदराचं तोंड दोन दगडी भिंतींमधलं, अरुंद. भिंतींना समोरासमोर खाचा आहेत. त्या खाचांत क्रेननं एकावर एक जाड तुळया सोडतात आणि समुद्राच्या तोंडावर दार लावतात. किती वाजता घालायच्या, किती घालायच्या, हे फळा लिहिणाऱ्यानं सांगायचं. त्याचा शब्द शेवटचा.

कुणी मदतीला पुढे आलंच तर ती म्हणायची, “असू दे, मी बघते.” लोकही भले, त्यांनी तिला बघू दिलं.

एक साखरपुडाही झाला होता मधे. तो मुलगा नोकरीसाठी प्लिमथला गेला आणि ‘येतो’ म्हणून गेला तो गेलाच. त्यानंतर कुणाला ‘थांब’ म्हणायची सेनाराची सवयच मोडली.

दोन आठवड्यांनी मंगळवारी ती वडिलांची पुस्तकं बदलायला चर्चमागे उभ्या असलेल्या फिरत्या वाचनालयाच्या निळ्या गाडीत चढली, तर आत टेबलामागे तोच. कोरडा असताना बरा दिसत होता.

“तुम्ही?”

“मीच. विल्फ. त्या दिवशी पहिलीच फेरी होती माझी,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी मरता मरता वाचलो. कचेरीत सांगितलं नाही अजून, नाहीतर गाडी काढून घेतील.”

“मोठ्या अक्षरातली घोडेस्वारांची पुस्तकं हवीत. बाबांसाठी. आणि लवकर द्या, मला वेळ नाही.”

“एवढी घाई? आज तर समुद्र शांत आहे.”

“समुद्र शांत असतो. बाबा नसतात.”

त्यानं चार पुस्तकं काढली, शिक्के मारले, मग पाचवं तिच्यापुढे सरकवलं. “हे तुमच्यासाठी.”

“मी वाचत नाही. दोन ओळी झाल्या की झोप लागते.”

“मग हे उत्तम आहे. फार कंटाळवाणं आहे.”

तिनं ते नेलं. रात्री उघडलं. खरंच कंटाळवाणं होतं, आणि खरंच दुसऱ्या ओळीला झोप लागली.

असं सुरू झालं ते. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी निळी गाडी यायची. तीन वाजता वाचनालय बंद करून विल्फ धक्क्यावर यायचा, साखळीच्या अलीकडे, शहाण्या मुलासारखा. दोन मंगळवारांत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. सेनारा दोर गुंडाळत असायची, साखळीला तेल देत असायची, काहीतरी करतच असायची. तो बडबडायचा आणि ती ऐकत नसल्यासारखं दाखवायची.

“तुझ्या हातांना कधी सुट्टी असते का गं?”

“असते ना. भांगाला.”

“भांग म्हणजे?”

“अरे देवा… अमावस्या-पौर्णिमेला पाणी फार चढतं, ते उधाण. मधल्या आठवड्यात जेमतेम हलतं, तो भांग. इथे पाळण्यातल्या पोरालाही कळतं हे.”

“आमच्याकडे पाळण्यात मेंढ्यांचं शिकवतात,” तो गंभीरपणे म्हणाला. “मेंढीला भांग नसतो.”

पुढे पुढे तो घरीही येऊ लागला, जोरींना पुस्तक पोचवायच्या निमित्तानं. जोरींना माणूस हवाच होता. शब्द अर्धे तुटायचे, पण विल्फला घाई नसायची. तो वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसायचा. एवढं गावातही कुणी करत नसे. जोरींनी त्याला भरतीच्या वेळांचं पिवळं पुस्तक वाचायला शिकवलं. पुस्तकातल्या वेळा बारा महिने हिवाळी घड्याळाच्या असतात. मार्चअखेरीला देशभर घड्याळं एक तास पुढे सरकली की पुस्तकातल्या प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा, तरच खरी भरती हाती लागते. पोर्थगॅरोत त्यासाठी जुनी रीत आहे. तास मिळवायला सुरुवात केली की फळ्यावरच्या खिळ्याला लाल फडकं बांधतात, ते थेट ऑक्टोबरात सोडतात. फडकं आहे, म्हणजे बेरीज झालेली आहे. डोळे मिटून विश्वास ठेवा.

“तीस… वर्षं,” जोरी डावा हात उंचावून म्हणाले. “एकदा… नाही चुकलं.”

“आणि आता मी चुकत नाही,” आतून भांडी घासता घासता सेनारा म्हणाली.

“तू कशाला चुकशील?” विल्फ म्हणाला. “तुला वेळ कुठे आहे चुकायला?”

उधाणाचा फेरा मात्र गाडीच्या वेळापत्रकावर चालत नाही. प्रत्येक वेळी ते पाऊण दिवस उशिरा यायचं. सुरुवातीला मंगळवार आणि मोठ्या लाटा जुळत होत्या; फेब्रुवारी आला तोवर विल्फचे सगळे मंगळवार भांगात जाऊन पडले. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट. लाटा बघायला येणारं एक माणूस धक्क्यावर नाही. आणि तरी तीन वाजता हा आपला हजर, मफलर गुंडाळून, सपाट पाण्याकडे बघत.

“आज काय बघतोस? समुद्र झोपलाय.”

“समुद्र झोपलाय ना… म्हणून आज जरा तुझ्याकडे बघायला सवड मिळतेय.”

सेनाराच्या हातातला दोर निसटला. तिनं तो पुन्हा गुंडाळायला घेतला, उलटा. क्रेनपाशी बसलेले हॉस्किन काका पाइप तोंडातून काढून म्हणाले, “पोरी, दोर उलटा गुंडाळतेयस.”

“ठाऊक आहे मला!”

“वाटलंच. गाल लाल झालेत, थंडीमुळे असतील.” हॉस्किन काकांनी चाळीस वर्षं क्रेन चालवली होती, जड वस्तू हलकेच खाली सोडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्या रात्री सेनारानं कंटाळवाणं पुस्तक उघडलं आणि चौथ्या पानापर्यंत जागी राहिली. प्रेमात पडायला ताकद लागते, आणि आपल्याकडे ती उरलेली नाही, अशी तिची पक्की समजूत होती. मग हे काय होतं? ती स्वतःवरच चिडली. चिडूनही बरं वाटत होतं, हे आणखी वाईट.

मार्चच्या चौथ्या मंगळवारी विल्फ धक्क्यावर आला. बराच वेळ त्यानं बुटाच्या टोकानं एक शिंपला इकडून तिकडे सरकवला.

“फेरी बंद होतेय,” तो म्हणाला. “आजची शेवटची. वरून पत्र आलंय, गाडी विकणार आहेत. मला… डर्बीत, आमच्याकडे, जागा देतायत. मोठं वाचनालय, पक्कं छप्पर. पुढच्या बुधवारी, एक तारखेला रुजू व्हायचंय.”

“पक्कं छप्पर,” सेनारा म्हणाली.

“हो. गळत नाही म्हणे.”

तो थांबला. ती काहीतरी बोलेल म्हणून थांबला, हे तिला स्वच्छ कळलं. तिच्या मनात आलं, जाऊ नकोस म्हणावं. पण नंतर? नंतर तो विचारणार, का? मग सांगावं लागणार… मग तो राहिला तर त्याच्यासाठी पुन्हा एकदा हसायचं, वाट बघायची, आणि गेला तर पुन्हा एकदा सावरायचं. वडिलांना तीन दिवसांपासून खोकला झाला होता. पहाटे पॅस्ट्या होत्या. तिला नुसत्या विचारानंच थकवा आला.

“बरं,” ती म्हणाली. “जपून जा.”

त्यानं मान हलवली. निळी गाडी चढावर लागली, वळणाआड गेली, आणि सेनारा दोराचं भेंडोळं पोटाशी धरून तिथेच उभी राहिली. इतकी मूर्ख बाई साऱ्या किनाऱ्यावर दुसरी नसेल, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

जोरींचा खोकला छातीत उतरला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही रात्री ती त्यांच्या उशाशी बसून होती. रविवारी फळा लिहायची पद्धत नाही. शनिवारी संध्याकाळीच पुढच्या दोन दिवसांच्या वेळा लिहून ठेवतात. तिनं लिहिल्या. पिवळ्या पुस्तकातून बघून, सुवाच्य अक्षरात, जशाच्या तशा. त्याच रात्री देशातली घड्याळं एक तास पुढे गेली. तिनं आपलंही घड्याळ पुढे केलं, ‘चला, एक तासाची झोप गेली’ म्हणून कपाळावर हात मारला आणि खोकल्याचं औषध ओतायला उठली. लाल फडकं घरातच, खुंटीवर राहिलं.

सोमवारी वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण होतं, आणि दुपारपासून वाऱ्यानं जोर धरला.

फळ्यावर भरती पाच अडतीसची. साडेतीनला तिनं माणसं बोलावली. हॉस्किन काकांनी अकरा तुळया घातल्या. बारावी असते, पण ती फार क्वचित लागते. धक्क्यावर माणसांची रांग लागली होती, लाटा मनोऱ्याला थपडा मारत होत्या, आणि सेनारा तुळयांशेजारच्या पायऱ्या मोजत उभी होती. पाच चाळीसला पाण्याबाहेर सात पायऱ्या होत्या. अकराव्या तुळईची वरची कड दोन हात कोरडी.

“बारावी घालू का?” हॉस्किन काकांनी विचारलं.

“नको. भरती झाली. आता उतरेल.”

काकांनी पाण्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होते ते गिळलं, आणि माणसांना घेऊन कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात गेले. सहाला, भरती उलटली की काढायच्या रिवाजाप्रमाणे, सेनारानं साखळी काढली. लोक पुढे सरकले. ती स्वतः टोकाकडच्या एका खुंटावर बसली. समुद्राकडे पाठ करून बसली. जोरींनी हे पाहिलं असतं तर डाव्या हातानं कानाखाली दिली असती. पण पाय चालेनात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं, आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, उद्या मंगळवार आणि परवा बुधवार.

“सेनारा! साखळी का काढलीस?”

तिनं वर पाहिलं. विल्फ. गाडी नाही, मफलर वाऱ्यावर, हातात जोरींच्यासारखंच पिवळं पुस्तक.

“तू… तू इथे कसा?”

“बसनं. ते राहू दे. साखळी का काढलीस?”

“भरती उतरली.”

“उतरली? चढतेय! अजून अर्धा तास आहे.”

“मला शिकवतोस?” ती उसळून उठली. “परवापर्यंत भांग कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं तुला! फळ्यावर लिहिलंय पाच अडतीस, माझ्या हातचं आहे—”

“फळ्यावर फडकं नाही, सेनारा.”

तो एवढंच बोलला, आणि तेही हळू. तिनं पायऱ्यांकडे पाहिलं. सातांच्या तीन राहिल्या होत्या. दुसरी लाट आली तेव्हा दोन.

तीस वर्षांत एकदाही न झालेली चूक तिनं केली होती, आणि तिच्या शब्दावर पन्नास माणसं धक्क्याच्या टोकाशी उभी होती. अकराव्या तुळईवरून पाणी आलं असतं तर आत बांधलेल्या गावातल्या साऱ्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या असत्या.

“लोकांना मागे घे,” ती म्हणाली. “साखळी लाव. मी काकांना आणते.”

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं आपल्या वाटचं काम कुणावर सोपवलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं ते बऱ्याच वेळानं. तेव्हा ती धावत होती. दुकानाचं दार ढकलून ती ओरडली, “काका, बारावी! तास चुकला माझा!” हॉस्किन काका अर्धा ग्लास तसाच ठेवून उठले. कुणी एक शब्द विचारला नाही.

बारावी तुळई क्रेनला लटकली तेव्हा वारा तिला दारासारखा हेलकावत होता. एका टोकाचा दोर दोघांनी धरला, दुसऱ्या टोकाचा सेनारानं. तो तिच्या हातातून सरकायला लागला, तळवे सोलले… आणि मागून आणखी दोन हात आले. वाचनालयाचे, मऊ, पुस्तकांवर शिक्के मारणारे हात. विल्फला दोर कसा धरायचा तेही नीट येत नव्हतं. पण त्यानं धरला तो सोडला नाही. एक लाट दोघांच्या डोक्यावरून गेली. तिनं खारं पाणी थुंकलं, त्यानंही. “डावीकडे!” हॉस्किन काका ओरडले. दोघं डावीकडे रेलले, आणि तुळई धाडकन खाचेत बसली.

सहा अडतीसला पाणी बारावीच्या वरच्या कडेखाली चार बोटांवर येऊन थांबलं. मग, हळूहळू, पाच बोटांवर गेलं.

क्रेनच्या खोलीत एक बाक आहे, एक शेगडी आहे, आणि दोन माणसं बसली की खोली भरते. हॉस्किन काका चहा आणतो म्हणून गेले. सेनारा बाकावर बसली, आणि तिला रडू फुटलं. सुंदर बायका रडतात तसं नाही. नाक गळत, हुंदके देत, बाहीला तोंड पुसत.

“चूक माझी होती.”

“हो,” विल्फ म्हणाला.

“‘नाही’ म्हणायचं असतं रे अशा वेळी!”

“तुझ्याशी खोटं बोललेलं चालत नाही. दोर फेकून मारतेस.” तो तिच्या शेजारी टेकला. त्याचे तळवेही सोलले होते, आणि तो ते लपवत होता. “बसमधून उतरलो आणि फळा पाहिला. मला वाटलं, माझंच चुकलं. तुझं कसं चुकेल? तीनदा पुस्तक उघडलं. मग फडकं नाही हे पाहिलं आणि धावत सुटलो.”

“हॉस्किन काकांनीही पाहिलं असेल की.”

दाराबाहेरून, कपांच्या किणकिणाटासह, आवाज आला. “पाहिलं होतं पोरी. मला वाटलं वाऱ्यानं उडालं! जोरीच्या पोरीचं अक्षर, त्याला काय शंका घ्यायची?” पावलं पुन्हा लांब गेली. साखर विसरले असावेत, किंवा नसावेत.

“तू आलास कशाला पण?” तिनं विचारलं. “परवा तर तुला…”

“उधाण बघायला.”

“खोटं.”

“खोटं,” तो म्हणाला. “तू म्हणालीस, ‘बरं, जपून जा.’ घरी गेलो, सामान बांधलं. पुस्तकं एका खोक्यात, कपडे एका खोक्यात. आणि सहा दिवस त्या खोक्यांवर बसून राहिलो. म्हटलं, एकदा जाऊन नीट हाकलून घेऊ, म्हणजे मन मोकळं होईल.” त्यानं खाली पाहिलं. “एक सांगू? लाज वाटते सांगायला. तुझी चूक पाहिली ना, भीती वाटली ती वाटलीच… पण आत कुठंतरी बरंही वाटलं. पाच महिने बघतोय, तुझं सगळं तूच करतेस. तिथे माझ्यासारख्याला जागाच कुठे होती? आज पहिल्यांदा वाटलं, तुलाही कुणाची गरज लागते.”

सेनारानं नाक पुसलं. एवढी दमली होती की लाजायलाही अंगात त्राण नव्हतं, आणि त्यामुळेच कदाचित शब्द सरळ आले.

“गरज नाही रे मला तुझी. गरज क्रेनची असते, दोराची असते. तू नसतास तरी मी कुणाला तरी हाक मारली असती, तुळई घातली असती, आणि उद्या पहाटे उठून पॅस्ट्या वळल्या असत्या. दोन वर्षं तेच करतेय. मला तू हवा आहेस. गरज वेगळी आणि हवं असणं वेगळं. तो मंगळवार… तू गेल्यावर मी दोर पोटाशी धरून उभी होते, वेड्यासारखी. जाऊ नकोस म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. आता म्हणते. जाऊ नकोस.”

विल्फचे डोळे भरून आले होते, आणि ते खाऱ्या पाण्यामुळे आहे असं दाखवायचा तो प्रयत्न करत होता. शेगडी तडतडली. बाहेर वारा दाराच्या फटीतून शीळ घालत होता. तिचं डोकं केव्हा त्याच्या ओल्या खांद्यावर टेकलं, तिला कळलं नाही. ओल्या लोकरीचा वास येत होता. खांदा हाडकुळा होता, आणि तरी टेकायला बरा होता.

“पण मी इथे करू काय?” तो हळूच म्हणाला. “मला समुद्रातलं काहीच येत नाही.”

“बेरीज येते,” ती डोळे मिटून पुटपुटली. “पुरे.”

तो हसला, तिला ते खांद्यातून कळलं. मग तो गंभीर झाला. काहीतरी बोलू लागला… डर्बीला पत्र लिहितो म्हणाला, बेकरीत पहाटे एक माणूस लागेल का विचारत होता, मुरड घालायला शिकायला किती दिवस लागतात… शब्द तिच्या कानाशी येत होते आणि विरघळत होते.

“तर मग, सेनारा… नीट विचारतो. मी राहू का? कायमचा?”

तिला उत्तर द्यायचं होतं. अगदी मनापासून द्यायचं होतं. पण जीभ जड झाली होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला कुठेही उठून जायचं नव्हतं.

“सेनारा?”

दार करकरलं. कप बाकावर ठेवल्याचा आवाज झाला.

“काय म्हणाली?” हॉस्किन काकांनी विचारलं.

“काहीच नाही,” विल्फ घाबरून कुजबुजला. “मी लग्नाचंच विचारलं हो… आणि ती झोपली!”

“झोपली?” काकांचा आवाज खाली आला. “अरे बाबा, जोरी आजारी पडल्यापासून ही पोर चारचौघांत बसलेलीसुद्धा कुणी पाहिली नाही. आणि तुझ्या खांद्यावर झोपली? उधाण चालू असताना? याहून मोठ्यानं ‘हो’ कसं म्हणतात तुमच्या डर्बीशायरात?”

हे सगळं सेनारानं ऐकलं. तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आतच तिला गाढ झोप लागली.